मिठाचा उजेड

"तोंड मला नको देऊस. खिडकीला दे."

सुलूताई म्हात्रे माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. तुळिंजच्या बाजाराला लागून असलेल्या आमच्या जुन्या दुमजली इमारतीत मी नुकतीच राहायला आले होते आणि तळमजल्यावरच फोटो स्टुडिओ आहे म्हणून खूश होते. मी शिकवते त्या शाळेच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. मधली सुट्टी संपायच्या आत काम उरकून वर्गावर परतायचं, असा माझा बेत. बाईंनी मला मागच्या खोलीत नेलं, उत्तरेकडच्या एकुलत्या एका खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसवलं आणि माझ्या मांडीवर धुऊन धुऊन विरलेलं एक पांढरं धोतर पसरलं. मला वाटलं, फोटोआधी केस कापायचीही पद्धत आहे की काय इथे.

मग त्या कॅमेऱ्याशी न जाता खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, मला घाई आहे हो."

"ढग आलाय. जाऊ दे त्याला."

"अहो, पासपोर्ट साइजचा फोटो आहे. ढगाचं काय त्यात?"

"मग असं कर टीचर, समोरच्या दुकानात जा. तिकडे फ्लॅश मारतात. दोन मिनिटांत बारा वाजलेलं तोंड मिळेल."

मी चिडून बसून राहिले. ढग गेला. कॅमेरा एकदाच वाजला. संध्याकाळी फोटो हातात आला तेव्हा भांडायची सगळी तयारी करून मी तो पाकिटातून काढला आणि भांडण विसरले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं होती तिथेच होती, नाक होतं तेवढंच होतं. पण कुणीतरी माझं नीट ऐकून घेतल्यावर माझा चेहरा जसा दिसत असेल तसा तो दिसत होता. नवऱ्याने विचारलं, "ही कोण? छान आहे." त्यानंतर कितीतरी वर्षं मी प्रत्येक फॉर्मवर तोच फोटो लावत राहिले. शेवटी शाळेच्या कारकुनाने हात जोडले, "मॅडम, आता तरी आत्ताचा आणा."

सुलूताई काही कुणी संत नव्हत्या. फटकळ होत्या, हट्टी होत्या, चहात साखर इतकी घालायच्या की चमचा उभा राहावा. एखाद्यावर रुसल्या की वर्षभर त्याच्या घरच्या बारशालाही जायच्या नाहीत. नवरा लग्नांचे फोटो काढायचा, त्याच्याबरोबर दिवे धरता धरता या शिकल्या. तो गेल्यावर दिवे विकून टाकले आणि कॅमेरा तेवढा ठेवला. सगळे म्हणाले, बाईने उलटं केलं. पण त्यांचं म्हणणं एकच असायचं: फोटो कॅमेरा काढत नाही, उजेड काढतो, कॅमेरा नुसता सही करतो. फ्लॅशचं नाव काढलं की म्हणायच्या, "फ्लॅश म्हनजे मानसाच्या तोंडावर मारलेली थापड. थापड खाल्लेलं तोंड भिंतीवर कशाला लावायचं?"

रस्त्याने त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे एक परीक्षाच. मध्येच थांबायच्या. तुळिंजच्या बाजारात एक भाजीवाली होती, तिला त्यांनी एकदा कोथिंबिरीच्या जुड्यांमागून उठवून मुळ्यांच्या ढिगाजवळ बसवलं. "इथे बस गं. मुळा खालून उजेड देतो. कशी गोड दिसतेस बघ." ती बाई लाजून लाल झाली, आणि नंतर रोज मुळ्यांजवळच बसायला लागली. माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा पाणी प्यायच्या आधी त्यांनी आमचा आरसा भिंतीवरून उतरवला आणि खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीला लागून लावायला लावला. "पाठीमागून उजेड घेऊन स्वतःला बघत होतीस एवढे दिवस? म्हनून सकाळी सकाळी वैतागलेली असतेस." खिळा ठोकायला लागला तो मात्र माझ्या नवऱ्याला.

वसईकडच्या ख्रिस्ती गावांतून पहिल्या कम्युनियनची, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेणारी पोरं त्यांच्याकडे यायची, ते दिवस त्यांच्या सणाचे. पांढरेशुभ्र झगे, पांढरे सदरे, हातात मेणबत्ती. आया मुलांचे केस पुन्हा पुन्हा विंचरत बसायच्या आणि सुलूताई खिडकीजवळ उभ्या राहून नुसत्या हसत असायच्या. "ही गिऱ्हाइकं मला आवडतात. पोरं स्वतःचा उजेड अंगात घालून येतात. मला धोतर पसरायलाही लागत नाय."

ते धोतर हे काय प्रकरण आहे ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं. खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या मांडीवर ते पसरलं जायचं. कुणी हसायचं, कुणाला अपमान वाटायचा. एकदा एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली. माझी शाळा सुटली होती आणि मी तिथेच चहा पीत बसले होते. मुलगी सावळी, तरतरीत, पण मान खाली. आईने मुलीदेखतच सांगितलं, "बायोडेटाला लावायचाय. कॉम्प्युटरवर जरा गोरी करून द्या. सगळेच करतात."

"गोरं करनं माझं काम नाय, ताई. उजेड देनं माझं काम. बाकीचं तुमच्या पोरीचं तिच्याजवळ आहे."

"अहो, पण मुलाकडच्यांना..."

"मुलाकडचे घरी येतील तेव्हा पोरीला कॉम्प्युटरमधे बसवनार काय?"

आईचं तोंड वाकडं झालं. मुलीला मात्र हसू आलं, मान वर झाली, आणि नेमकं तेव्हाच कॅमेरा वाजला. त्या फोटोत तिचा रंग तिचाच होता. गालावरून, कपाळावरून उजेड असा उतरला होता की रंगाबद्दल बोलायचं कुणाला सुचू नये. आई कुरकुरत पाकीट घेऊन गेली. मुलगी अर्ध्या वाटेतून परत आली आणि म्हणाली, "मावशी, एक माझ्यासाठी वेगळा द्या. कुणाला पाठवायला नको, माझा मला." सुलूताई त्या दिवशी फार खुशीत होत्या. मलाही उगाच अजून एक कप पाक प्यावा लागला.

धोतराचं कोडं सुटलं ते एका मार्चमधल्या रविवारी. "चल, तुला माहेर दाखवते," म्हणत त्यांनी मला नायगावच्या बाजूला नेलं. त्यांच्या माहेरची माणसं मिठागरांवर राबलेली. आता निम्मेअर्धे वाफे ओसाड पडलेत, पण काहींत मीठ अजून पिकतं. भर दुपारची वेळ. पांढऱ्या ढिगांकडे बघवत नव्हतं, मी डोळ्यांवर हात धरून उभी. सुलूताईंनी मला एका ढिगाजवळ नेलं, स्वतः समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे बघ. आता वाजलेत किती?"

"दुपार आहे. डोक्यावर ऊन आहे."

"डोक्यावर ऊन असलं की तोंड कसं दिसतं? डोळ्यांच्या खोबनीत काळोख, नाकाखाली मिशी. मग माझं तसं दिसतंय काय?"

नव्हतं दिसत. त्यांचा साठीपलीकडचा, सुरकुतलेला चेहरा खालून येणाऱ्या मऊ, पांढऱ्या उजेडाने भरून गेला होता. डोळ्यांच्या कडांपर्यंत सगळं स्वच्छ दिसत होतं.

मग त्यांनी आईचं सांगितलं. आई लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायची. लुगड्याचा पदर कपाळावर पार भुवयांपर्यंत ओढलेला, डोळे बारीक केलेले. तशी ती काळवंडलेलीच दिसायची, घरात तर चुलीच्या धुरात दिसायचीच नाही. पण दुपारची भाकरी घेऊन लहानगी सुलू मिठावर गेली की आई मान वर करायची, आणि पदराखालचं ते तोंड मिठाच्या उजेडात लख्ख असायचं. त्याच लखलखाटाने पुढे आईचे डोळे गेले. सुलूताईंच्या हातात कॅमेरा आला त्याच्या आधीच आई गेली. तिचा एकही फोटो नाही. ना लग्नातला, ना कुठल्या कार्डावरचा.

"सगळ्या जगाचे फोटो काढले, टीचर. माझी आय तेवढी राहिली. तोंड तर आता आनता येत नाय. पन तो उजेड मी आनते. धोतर पसरते ते म्हनजे मीठच. कुनाच्या तोंडावर तो उजेड आला ना, की एक घटकाभर मला वाटतं, आय कुठेतरी जवळपास आहे."

परतताना त्यांची एक म्हातारी चुलती दारात भेटली. हाताचा आडोसा करून सुलूताईंकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सुलू, केस पांढरे झाले नि तू निस्ती आयच दिसाया लागलीस गो." सुलूताईंनी केसांवरून हात फिरवला आणि विषय बदलला. वाटेत मी विचारलं, स्टुडिओच्या भिंतीवर तुमचा स्वतःचा एक फोटो का नाही? "माझी वेळ नाय आली अजून," एवढंच म्हणाल्या.

उत्तरेच्या खिडकीबाहेर एक मोकळा प्लॉट होता. एरंड, रानटी गवत आणि पावसाळ्यात साचणारं तळं. आमच्या दृष्टीने डासांचं आगर, त्यांच्या दृष्टीने आभाळ ठेवायची जागा. तिथे एके दिवशी पत्रे लागले आणि टॉवर उभा राहायला लागला. आमच्या खिडकीपासून जेमतेम एक बोळ सोडून. भिंत एकेक मजला चढत गेली तशी मागची खोली एकेक पायरी अंधारात उतरत गेली. सुलूताई रोज सकाळी खुर्चीत स्वतःची मूठ धरून तिच्यावरचा उजेड बघायच्या आणि मान हलवायच्या. पुढे पुढे तर मूठच धड दिसेना.

आम्ही इमारतीतल्या बायकांनी मग आमच्या अकलेप्रमाणे मदत केली. वर्गणी काढून एक मोठा गोल दिवा आणला, तो रिंग लाइट म्हणतात तो. त्याला हार घातला, पेढे वाटले. सुलूताईंनी आमचा मान राखून माझाच फोटो काढला. मग तो पडद्यावर मोठा करून माझ्या डोळ्यांवर बोट ठेवलं. दोन्ही बुबुळांत एकेक पांढरी बांगडी.

"टीचर, तुझ्या डोळ्यांत आधी खिडकी असायची. आता बांगड्यांचं दुकान आहे."

आम्ही हसलो, त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही. तिसऱ्याही नाही. त्यांचा मुलगा संदेश कामणला एका गोदामात सुपरवायझर आहे, तिकडेच राहतो, तो येऊन म्हणाला, "आई, बास झालं आता. चल माझ्याकडे." आणि त्या त्याच्याशी भांडल्यासुद्धा नाहीत, हे बघून मी खरी घाबरले. खाली गेले तर त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलेल्या. म्हणाल्या, "दुकान गेल्याचं काय नाय गं. हा उजेड गेला तर आय दुसऱ्यांदा जाईल. आनि या वेळी माझ्या डोळ्यांदेखत." मी त्यांचा हात धरून बसले. मला रडू आवरलं नाही, आणि ते आवरायचं काही कारणही नव्हतं.

शटर बंदच होतं, पण सवयीने त्या दुपारी मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. एका दुपारी मला खालून हाका ऐकू आल्या, "टीचर! ए टीचर! खाली ये!" मी धावत गेले. वाटलं, पडल्याबिडल्या. त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि खोली उजेडाने भरली होती.

टॉवरच्या मागच्या भिंतीला रंगाआधीचा पांढरा हात मारला होता, प्रायमर. आमची इमारत बुटकी. दक्षिणेकडचं ऊन आमच्या छपरावरून थेट त्या भिंतीवर पडत होतं आणि तिथून उलटून बोळातून खाली, आमच्या खिडकीत. ऊन नव्हे, उन्हाचं दूध. पूर्वीच्या आभाळाच्या उजेडापेक्षाही मऊ.

"मिठागर उभं केलंय कुनीतरी," सुलूताई म्हणाल्या. मग लगेच त्यांचं तोंड उतरलं. "पन वरून रंग मारतील ना?"

मारणार होतेच. रस्त्याकडची बाजू आधीच चॉकलेटी झाली होती. सुलूताईंनी तोंडावर पाणी मारलं, साडी बदलली आणि थेट साइटवर गेल्या. मी मागोमाग. तिथे जगताप म्हणून इंजिनियर होते, तिशीतले, साताऱ्याकडचे, दिवसभर धुळीत उभं राहून वैतागलेले.

"आजी, पांढरा रंग बाहेरून ठेवत नाहीत. घाण दिसते. पहिल्या पावसात शेवाळ धरतं."

"घान झाली तर ती माझ्या खिडकीतून मला दिसेल. रस्त्यावरून ही बाजू कुनाला दिसते? तुमच्या लोकांनाही दिसत नाय."

"पण पूर्ण बिल्डिंगचा रंग ठरलाय. मी कसा बदलणार?"

"बदलू नका. फक्त एकदा माझ्या खुर्चीत बसा."

का कोण जाणे, ते आले. कदाचित पंख्याखाली दोन मिनिटं टेकायला मिळेल म्हणून आले असतील. सुलूताईंनी त्यांच्या मांडीवर धोतर पसरलं, तोंड खिडकीला द्यायला लावलं आणि फोटो काढला. मग मला म्हणाल्या, "तुझ्याकडची ती तपकिरी सोलापुरी चादर आन, मोठी." ती चादर आम्ही दोघींनी खिडकीबाहेर जाळीला, हातभर पुढे काठ्या बांधून त्यांवर टांगली. हा तुमचा चॉकलेटी, असं सांगून दुसरा फोटो काढला. आणि दोन्ही फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले.

पहिल्या फोटोत एक दमलेला, देखणा तरुण होता. दुसऱ्यात त्याच तरुणाला कावीळ होऊन गेली असावी. जगताप पडद्याशी वाकले. मग त्यांनी विचारलं, "हा पहिला... गावी पाठवता येईल का? आई सारखी म्हणते, तू वाळलास."

"वाळलाहात खरे. पन उजेडात आहात, तिला बरं वाटेल."

जगताप मालकांशी काय बोलले ते मला ठाऊक नाही. गडद रंग महाग पडतो आणि ऊन पिऊन घरं तापवतो, असं काहीतरी पटवलं असावं. मागच्या भिंतीवर रंगाचे दोन हात चढले, पावसात टिकणाऱ्या, पण पांढऱ्याच रंगाचे. पुढून चॉकलेटी, मागून पांढरा, असा तो टॉवर आमच्या तुळिंजमध्ये अजून उभा आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काही कळत नाही. शटर पुन्हा उघडलं, ढगांची वाट बघणं पुन्हा सुरू झालं, आणि आम्ही दिलेला गोल दिवा सुलूताईंनी मसाले वाळवायच्या टोपलीवर ठेवून बघितला. त्यालाही तो काही उपयोगी पडला नाही.

भिंतीवर शेवाळ धरलं, जगताप म्हणाले होते तसंच. पहिल्या पावसाळ्यानंतर टॉवरच्या वॉचमनला गोड बोलून सुलूताईंनी पोहोचेल तेवढी भिंत धुऊन घेतली. पुढच्या वर्षीही. त्यानंतर मात्र त्यांचाच दम पुरेना. चार पावलं चालल्या की धाप लागायची. शेवटी संदेशचं ऐकावं लागलं. सामान गेलं, पाटी उतरली. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. मागच्या खोलीत एक खुर्ची आणि तिपाईवर लावलेला कॅमेरा, बाकी काही नव्हतं.

त्यांनी घरात ठेवणीत असलेलं जुनं लुगडं नेसलं होतं. केस आता पूर्ण पांढरे. त्या स्वतः खुर्चीत बसल्या, स्वतःच्याच मांडीवर त्यांनी ते धोतर पसरलं, हाताने सुरकुत्या काढल्या आणि तोंड खिडकीला दिलं.

"माझी वेळ आली, टीचर. बटन दाब."

"मला नाही हो जमणार."

"तुला काय करायचंय? उजेड करतोय ना."

मी बटण दाबलं. त्या उठल्या, कॅमेऱ्याच्या मागे येऊन पडद्यात बघितलं. मान हलवली. "नाय. ही मीच आहे." पुन्हा जाऊन बसल्या. थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मग पदर डोक्यावरून पुढे ओढला, पार भुवयांपर्यंत. डोळे बारीक केले. समोर कुणीतरी लहान मूल भाकरी घेऊन येताना दिसावं तशी मान किंचित वर उचलली. बोळातून, त्या पांढऱ्या भिंतीवरून आलेला उजेड धोतरावर पडला आणि तिथून पदराखाली शिरला. मी बटण दाबलं.

या वेळी त्या पडद्याशी खूप वेळ उभ्या होत्या. बाहेर संदेश टेम्पोचा हॉर्न वाजवत होता. त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, अगदी हलकेच, गालावर टेकवावं तसं.

"आली," त्या म्हणाल्या.

मग डोळे पुसले, पदर पुन्हा खांद्यावर घेतला, धोतराची घडी घातली आणि ते माझ्या हातात दिलं.